सतरा शनिवार आणि माझा अर्धा हिस्सा

चि. अश्वजित आणि चि. रत्नमाला,

हे लिहायला फार उशीर केला, त्याबद्दल आधी तुम्हा दोघांची माफी मागतो. तुमची आई गेली त्याच महिन्यात लिहायला पाहिजे होते. तिला जाऊन दोन वर्षे होऊन तिसरे लागले. वही कितीदा काढली, पण मृत्युपत्राच्या पहिल्याच ओळीत माणसाला राहण्याचा पत्ता लिहावा लागतो आणि मी तिथेच अडकत होतो. मालेगावचे दस्तलेखक शेवटी म्हणाले, "बाबा, आज जिथं अंथरून टाकसान तो पत्ता लिहा अन् मोकये व्हा." म्हणून तोच लिहितो.

मी, दौलतराव पुंजाजी पडघान, वय वर्षे ७३, धर्म बौद्ध, धंदा पूर्वी गवंडीकाम व आता काही नाही, शिक्षण सातवी, राहणार किन्हीराजा, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम, असे लिहून ठेवतो की मी आज शुद्धीवर आहे. बीपीची गोळी सकाळी घेतली आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला, तो सोबत टाचला आहे. मला कोणी काही पाजले नाही, कोणी धमकावले नाही. भीती वाटते, पण ती कोणी घातलेली नाही, माझी स्वतःची आहे. भीतीमुळे मृत्युपत्र रद्द होते का, असे मी दोनदा विचारले. होत नाही म्हणाले. याआधी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. किन्हीराजाचे घर.

हे घर माझे नाही, म्हणून ते मी कोणाला देऊ शकत नाही. हे सर्वांत आधी लिहितो, कारण गावात अजून पुष्कळ जण त्याला दौलत मिस्त्रीचे घर म्हणतात आणि पुढे तुम्हा दोघांत गैरसमज नको. घर मीच बांधले. लोकांची घरे बांधून जे दिवस उरत त्या दिवसांत बांधले, म्हणून सहा वर्षे लागली. तुमची आई केशर विटा भिजवायची, मी लावायचो. २०१८ साली ते भाऊसिंग आडे यांना विकले. तांड्यावरून मुलींच्या शाळेसाठी त्यांना गावात यायचे होते. पैसे पूर्ण मिळाले, खरेदीखत झाले, माझी काही तक्रार नाही.

केशर गेल्यापासून त्याच घराच्या पुढच्या खोलीत मी भाड्याने राहतो. भाऊसिंग भाडे घ्यायला तयार नव्हता. मी म्हणालो, भाडे घेणार नसशील तर मी तुझा पाहुणा झालो, आणि पाहुणा या शब्दाची मला धास्ती बसली आहे. तेव्हापासून तो घेतो. खोलीच्या उंबऱ्यापाशी एक फरशी खाली बसली आहे, ती मला नीट करता येते, पण मालकाला विचारावे लागेल म्हणून केली नाही.

२. लोणावळ्याचा फ्लॅट.

लोणावळा येथे तिसऱ्या मजल्यावर हॉल, स्वयंपाकघर, एक खोली व बाल्कनी असा फ्लॅट आहे. अश्वजित व मी त्याचे निम्मे-निम्मे मालक आहोत. बँकेचे कर्ज २०३८ पर्यंत आहे. त्या वर्षी मी जिवंत असलो तर ८६ वर्षांचा असेन.

माझे नाव त्या कागदावर मी हट्टाने घातले. ते का, हे अश्वजितला कधी नीट सांगितले नाही. तुझा आजा जन्मभर ज्या जागेवर राहिला तिचा कागद त्याच्याकडे नव्हता. रस्ता रुंद झाला तेव्हा मोजणीवाले आले. आमची भिंत त्यांच्या नकाशावर नव्हती, म्हणून ती नाहीच असे धरून ते पुढे गेले. मी दहा वर्षांचा होतो, त्या भिंतीला टेकून उभा होतो. म्हणून तू फ्लॅट घ्यायचा म्हणालास, किन्हीराजाचे घर विकून सुरुवातीचे पैसे भरू म्हणालास, तेव्हा मी एकच अट घातली. तू म्हणालास, "बाबा, नाव टाकलं तर बँकवाले तुमालेही कर्जात घेतीन." मी म्हणालो, घेऊ दे. कागदावर नाव असले की कोणी बाहेर काढू शकत नाही, अशी माझी समजूत होती.

दुसरी गोष्टही आता लिहून टाकतो. फ्लॅट पाहायला गेलो त्या दिवशी मी बोटाच्या पेराने भिंत वाजवून पाहिली होती. आवाज पोकळ होता. गिलावा पातळ, विटा नीट न भिजवता लावलेल्या. चाळीस वर्षे हेच काम केले, मला पहिल्या टिचकीला कळले. पण तू खिडकीपाशी उभा राहून सुनेला डोंगर दाखवत होतास. नात संघमित्रा आठ वर्षांची होती, ती मोकळ्या हॉलमध्ये गिरक्या घेत होती. मी गप्प बसलो. पहिल्या पावसाळ्यात हॉलच्या भिंतीवर ओल उतरली, तेव्हा तू बिल्डरला शिव्या दिल्यास. त्यातल्या अर्ध्या मला द्यायला पाहिजे होत्या.

३. त्या घराचा खर्च.

घर घेतले की हप्ता भरायचा, एवढेच मला ठाऊक होते. सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा, उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वर्गणी वेगळी, दर दोन वर्षांनी भिंतींना वॉटरप्रूफिंग वेगळे, हे तिथे गेल्यावर कळले. वस्तू सहलीला येणाऱ्या पाहुण्यांच्या भावाने मिळायच्या. खाली किराणा दुकान होते, ज्वारीचे पीठ मिळायचे. ते गेले आणि तिथे पोहण्याचे कपडे, कोळसा आणि चिप्सचे दुकान आले. चोवीस फ्लॅटपैकी घरची माणसे राहतात असे पाचच उरले. भाजी गुरुवारीच आणून ठेवायची, कारण शुक्रवार दुपारपासून रस्त्यावर गाडीला गाडी लागते.

मग लॉकडाऊन आले. अश्वजित हॉटेलात स्टोअरकीपर आहे, त्याचा पगार निम्मा झाला आणि पुढे पुरा कधी झालाच नाही. तेव्हा एजन्सीवाला आला. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार सकाळ अकरापर्यंत फ्लॅट पाहुण्यांना द्यायचा, त्यात हप्ता निघतो. हे खरे आहे, निघत होता. मी यात कोणाला दोष देत नाही. मी स्वतः हो म्हणालो. तीन-चार महिन्यांचा प्रश्न आहे, असे आम्ही सर्व जण म्हणालो. पाच वर्षे झाली.

दर शुक्रवारी दुपारी आम्ही घर आवरून आमच्याच घरातून निघायचो. आमचे कपडे, भांडी, देवपाट म्हणावे असे जे काही, ते सर्व एका लोखंडी कपाटात कोंबून कुलूप लावायचो. एजन्सीवाल्याने पहिल्याच दिवशी हॉलमध्ये उभे राहून सांगितले होते, "बुद्धाची मूर्ती राहू द्या, गेस्टला आवडते, फोटो छान येतात. तो दुसरा फोटो मात्र काढा. कुणाला आवडेल, कुणाला नाही." तो दुसरा फोटो बाबासाहेबांचा. दर शुक्रवारी केशर स्वतः स्टुलावर चढून फोटो उतरवायची, आपल्या पांढऱ्या लुगड्यात गुंडाळून कपाटात उभा ठेवायची, आणि रविवारी पुन्हा लावायची. मी चढतो म्हणालो तर म्हणायची, "तुमचे हात कापतात. रायू द्या."

सून शीला आणि नात हॉटेलात जायच्या, तिथे चादरी ठेवायच्या खोलीत त्यांना एक खाट दिली आहे. अजून तिथेच जातात. आम्ही दोघे विहारात जायचो. चटई, पाण्याची बाटली आणि भाकरी घेऊन. तिथली माणसे आम्हाला फार मान द्यायची. दर शनिवारी न चुकता वंदनेला येणारे जोडपे म्हणून एकदा आमचा सत्कारही केला, शाल दिली. केशरने ती शाल घेतली. परत येताना म्हणाली, "घर नसल्याचीबी शाल भेटते म्हना."

एकदा मी चष्मा विसरलो म्हणून शनिवारी परत गेलो. पाहुण्यांतल्या एका माणसाने दार उघडले आणि विचारले, "अंकल, तुम्ही केअरटेकर का?" मी हो म्हणालो. त्याने चष्मा आणून दिला आणि वर पन्नास रुपये दिले. मी घेतले. केशरला सांगितले तर ती पोट धरून हसली. "मालकाले बक्षिसी भेटली," म्हणाली. पण त्यानंतर तिने मला शनिवारी एकटे कुठे जाऊ दिले नाही.

४. दिनांक १९ ऑगस्ट २०२३, शनिवार.

हे कलम वाटणीचे नाही. पण हे लिहिल्याशिवाय वाटणीला अर्थ नाही. रत्नमाला, हे तू नीट वाच.

विहारात तुझ्या आईला दम लागला. रिक्षा केली. पाऊस होता, शनिवारची गर्दी होती, सरकारी दवाखाना जवळ असून पाऊण तास लागला. गाड्यांच्या काचा खाली करून पोरे गाणी म्हणत होती. डॉक्टरांनी पाहिले आणि सांगितले. सायंकाळी सातला प्रेत ताब्यात मिळाले.

सोसायटीच्या खाली आणले. सेक्रेटरी म्हणाले, पार्किंगमध्ये ठेवू नका, गेस्ट लोकांच्या गाड्या आहेत. मग अश्वजित आणि मी वर गेलो. आत पाहुणे होते, त्यांचे रविवारी अकरापर्यंत बुकिंग होते. एक तास घर मागायचे, तिला घरात न्यायचे, आंघोळ घालायची, पांढरे लुगडे नेसवायचे, एवढेच ठरले होते. लुगडे आत कपाटात होते.

अश्वजितने बेलवर बोट ठेवले. मी त्याचे मनगट धरले. आत कोणा लेकराचा वाढदिवस होता, टाळ्या वाजत होत्या. मी म्हणालो, "रायू दे. लोकं पैसे देऊन आले हायेत." हे वाक्य माझे आहे. तो म्हणाला, "बाबा, माय खाली हाये." मी तरीही हात सोडला नाही. पाहुण्यांनी वाईट लिहिले तर पुढची बुकिंग जाते, हे मला तोपर्यंत पाठ झाले होते. त्या क्षणी माझ्या डोक्यात तेच आले. दुसरे काही आले असते तर बरे झाले असते, पण आले नाही.

तिथून ॲम्ब्युलन्स सरळ किन्हीराजाला आणली. रस्त्यात मी भाऊसिंगला फोन केला. घर विकून पाच वर्षे झाली होती, कोणत्या तोंडाने विचारायचे कळत नव्हते. मी म्हणालो, अंगणात थोडी जागा दे. तो म्हणाला, "काका, अंगनात कायले? घर काकूचं हाये, आमी राहून राह्यलो." सकाळी पोचलो तेव्हा त्याने ओसरी धुऊन ठेवली होती. त्याच्या बायकोने, रुपाबाईने, गोविंदा सावळे यांचे दुकान उघडायला लावून नवे पांढरे लुगडे आणले होते. बुद्धवंदना झाली. ज्या विटा तिने भिजवल्या त्याच भिंतीशी तिला ठेवले.

रत्नमाला, तू शेलूबाजारहून आलीस आणि सर्वांसमोर भावाला म्हणालीस, "दादा, घंटाभर मायले तिच्या घरात ठेवाले जागा नोती तुह्याजवय?" तो खाली पाहत राहिला. मी त्याच्या शेजारी उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, कारण पाहिले असते तर लोकांना कळले असते. त्या दिवसापासून तू त्याच्याशी बोलत नाहीस. त्याने मला झाकले आणि मी झाकून घेतले. बेल त्याने दाबली असती. मी दाबू दिली नाही. हे मी शुद्धीवर, स्वतःच्या हाताने लिहून देत आहे. या पानाचा कोणालाही कुठेही उपयोग करायचा असेल तर करावा.

५. आता काय अडले आहे.

एजन्सीने अश्वजितला नवा करार दिला आहे. तीन वर्षे, आठवड्याचे सातही दिवस, पैसे बांधलेले. घरच्यांनी गावाबाहेर एका खोलीत भाड्याने राहायचे. करार दोन्ही मालकांच्या सहीशिवाय होत नाही. अश्वजितने कागद मला पोस्टाने पाठवले, जिथे जिथे सही करायची तिथे पेन्सिलने फुली केली आहे. पाच फुल्या आहेत. कागद येऊन महिना झाला. मी सही केली नाही आणि नाही असेही कळवले नाही.

सही केली तर आपले घर सातही दिवस पाहुण्यांचे होते. नाही केली तर हप्ता थकतो आणि घर बँकेचे होते. तुझ्या आज्याला कागद नव्हता म्हणून बाहेर व्हावे लागले. मी कागदावर नाव घातले, तर आता त्या नावामुळे तू अडकलास. हे मला समजते. मी रोज त्या फुल्या पाहतो.

संघमित्रा यंदा दहावीला आहे. तिथे होतो तेव्हा बाल्कनी बंद करून मी तिच्यापुरती एक खोली काढली, सहा फूट बाय नऊ, हलक्या विटांची. सोसायटीची परवानगी घ्यायला पाहिजे होती, घेतली नाही, त्याची नोटीस आली, ती चूक माझी. पण त्या घरातली तेवढीच भिंत न वाजवता पक्की म्हणून सांगता येईल अशी आहे. पोरगी सोमवार ते गुरुवार तिथे अभ्यास करते. शुक्रवार ते रविवार हॉटेलच्या चादरींच्या खोलीत, कपाटाला पाठ लावून बसते, तिथे इस्त्रीवाले येत-जात असतात. मागच्या महिन्यात फोनवर मी विचारले, अभ्यास कसा चालला आहे. म्हणाली, "आबा, चार दिवस चांगला चालते."

पुढच्या शनिवारपासून, म्हणजे २२ नोव्हेंबरपासून, मार्चमध्ये तिची परीक्षा संपेपर्यंत सतरा शनिवार येतात. मी कॅलेंडरवर तीनदा मोजले. त्यात ६ डिसेंबर आहे. यंदा महापरिनिर्वाण दिन शनिवारीच येतो. त्यात नववर्षाचा शनिवारही आहे, तेव्हा सर्वांत जास्त पैसे मिळतात, तेही मला ठाऊक आहे.

६. फ्लॅटमधील माझा हिस्सा.

वरील फ्लॅटमधील माझा निम्मा हिस्सा मी माझी नात कु. संघमित्रा अश्वजित पडघान, वय १५, हिला देत आहे. ती सज्ञान होईपर्यंत हिश्शाची देखरेख तिची आत्या रत्नमाला हिने करावी.

दस्तलेखकांनी हे लिहून घेताना पेन खाली ठेवला. म्हणाले, "बाबा, नात अज्ञान हाये. तुमी मध्येच गेले तर तिच्या हिश्शाले हात लावाले कोर्टाची परवानगी लागंन. पोराले विकता येनार नाई, करार करता येनार नाई. तुमी त्याले बांधून टाकून राह्यले." मी म्हणालो, बांधायचे नाही. ते म्हणाले, "मंग काहून असं लिवता?" दुसरा उपाय सुचत नाही, एवढेच म्हणालो.

म्हणून त्यांच्याकडून दुसरा मसुदाही करून घेतला. अश्वजितने हे सतरा शनिवार घरात पाहुणे घ्यायचे नाहीत असे मान्य केले, तर माझा निम्मा हिस्सा कोणतीही अट न घालता त्याला द्यावा, असे त्यात आहे. त्या परिस्थितीत एजन्सीच्या कागदांवर पाचही ठिकाणी मी सही करून देईन. करार परीक्षेनंतर सुरू करावा. मग तू फ्लॅट ठेव, विक, भाड्याने दे, मी विचारणार नाही. दोन्ही मसुदे एकाच पाकिटात आहेत. सही मी एकावरच करणार.

७. पोस्टातील रक्कम.

माझ्या नावावर मालेगाव पोस्टात एकसष्ट हजार रुपये आहेत. सतरा शनिवार बंद ठेवल्याने हप्त्यात जी तूट येईल ती यातून भरावी. मी जिवंत असेन तर आत्ताच काढून देतो. पुरणार नाहीत हे मला दिसते. उरले तर संघमित्राच्या कॉलेजासाठी. रत्नमाला, तुला यातून काही देत नाही. तुझ्या लग्नात मी अंगणाला फरशी घालून देतो म्हणालो होतो, तीही राहिली. तुझा हक्क मी विसरलो असे समजू नको.

८. लोखंडी कपाट.

कपाटाची दुसरी किल्ली माझ्या करगोट्याला आहे. ती व कपाट सून शीला हिला द्यावे. आतले केशरचे लुगडे, दोन पातळे, आणि सत्काराची शाल तिचीच. दर रविवारी अकरा वाजता घरात पहिले पाऊल तिचे पडते. उशीवर कोणाचे केस, मोरीत कोणाच्या बाटल्या, ते सर्व उचलून ती पोरीला आत घेते. मी पाच वर्षांत एकदाही तिला तू दमलीस का असे विचारले नाही. एकदा ती चादरी पिळता पिळता म्हणाली होती, "आबा, आपल्या घराले आपलाच वास येत नाई आता." मी पेपर वाचत असल्यासारखे केले. बाबासाहेबांचा फोटो संघमित्राला द्यावा. तो कोणत्या भिंतीवर लावायचा ते तिने ठरवावे.

९. हत्यारे.

दोन थाप्या, ओळंबा, गुण्या, पाणसळ आणि रंधा एवढी हत्यारे आहेत. गिलावा घोटायचा रंधा झिजून हलका झाला आहे, बाकी चांगली आहेत. ती भाऊसिंगला द्यायची होती. पण दस्तलेखक म्हणाले की ज्याला काही मिळते तो साक्षीदार चालत नाही. मी भाऊसिंगकडे पाहिले. तो म्हणाला, "काका, मले हत्यार कायले पायजे? मी सही करतो." रुपाबाई म्हणाली, "याले साधी खुंटी ठोकता येत नाई, हत्यारं काय करंन." म्हणून मृत्युपत्राने मी भाऊसिंगला काहीही देत नाही. मात्र आज सकाळी पिशवी त्याच्या ओसरीवर नेऊन ठेवली आहे. ती त्याने माझ्या हयातीत घेतली आहे, याची नोंद असावी. खाली बसलेली फरशी त्याच थापीने मी उद्या बसवून देतो, असे त्याला सांगितले आणि त्याने मान हलवली.

१०. जुने हिशेब.

सोसायटीच्या सेक्रेटरींना मी काही देत नाही आणि त्यांच्याकडून काही मागत नाही. त्यांचेही दोन फ्लॅट पाहुण्यांना दिलेले आहेत आणि ते स्वतः पुण्याला भाड्याने राहतात, हे मला नंतर कळले. विहारातल्या मंडळींना खरे सांगावे. आम्ही श्रद्धेने येत होतो हे खोटे नव्हते, पण पुरतेही खरे नव्हते. सत्काराची शाल परत मागितली तर शीलाने द्यावी.

११. माझे अंत्यसंस्कार.

मी जिथे मरेन तिथेच करावेत. ॲम्ब्युलन्स करून मला या गावाहून त्या गावाला नेऊ नये. माझ्यासाठी कोणाच्याही घराचे दार उघडून मागू नये, दवाखान्यातून सरळ स्मशानात न्यावे. त्रिशरण पंचशील झाले की पुरे. रत्नमाला आणि अश्वजित यांनी त्या दिवशी एकमेकांशी बोलावे. हे मी हुकूम म्हणून लिहीत नाही. माझ्याकडे हुकूम करण्यासारखे काही उरलेले नाही.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला आहे. चौथ्या कलमात एक शब्दही बदललेला नाही. खाडाखोड कलम सातमध्ये एक ठिकाणी आहे, तिथे आद्याक्षरे केली आहेत.

लिहून ठेवणार : दौलतराव पुंजाजी पडघान
सही : (जागा सोडली आहे. सोमवारी साक्षीदारांसमोर करीन.)

साक्षीदार :
१) भाऊसिंग सोमला आडे, शेती, राहणार किन्हीराजा
२) गोविंदा महादू सावळे, किराणा व कापड दुकान, राहणार किन्हीराजा

ठिकाण : किन्हीराजा, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

अश्वजित, या पानांचे फोटो गोविंदा आज तुला आणि रत्नमालाला मोबाईलवर पाठवणार आहे. सोमवारी १७ तारखेला सकाळी दहाच्या जीपने आम्ही तिघे मालेगावला रजिस्टर करायला निघतो. दोन्ही मसुदे माझ्या पिशवीत असतील. त्यातल्या एकावर सही होईल आणि मग ती बदलायला मी पुन्हा मालेगावला जाणार नाही. त्याआधी मला कळव. फोन शनिवारी करू नको. शनिवारी तू लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलतोस आणि मला काही समजत नाही. रविवारी दुपारी, सर्व जण घरात आल्यावर कर. नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही, पण गप्प राहू नको. गप्प राहिलास तर मी पहिल्याच, संघमित्राच्या नावाच्या मसुद्यावर सही करीन, आणि ते बरोबर की चूक हे सांगायला मी नसेन. आणि फोन करण्याआधी संघमित्राला विचार. तिला अजून कोणी विचारलेले नाही, मीसुद्धा नाही. ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत मला लवकर कळव.